एकशे ऐंशीच्या आसपास

नाशिकरोडला पहाटेच्या गाडीने उतरणारी माणसं
मी हातांवरून ओळखतो.
लाल फडक्यात बांधलेलं काही जपून धरलेलं नाही,
उलट पोराच्या गळ्यात दुर्बीण, बाईच्या हातात थर्मास :
म्हणजे फिरायला आलेत.
पुढे होतो. भास्कर गांगुर्डे, सात सीट, एसी,
हिशोब दिवसाचा, पोरं ओकली तरी जादा नाही.

देवतळे, पुसदचे. नवरा, बायको, दोन मुलं,
आणि एक आत्या, खिडकीकडची सीट धरून गप्प.
देवतळ्यांच्या मोबाईलात यादी :
दीड दिवस, अकरा ठिकाणं.
मी म्हटलं, आधी मिसळ.

मळ्यातली मिसळ, झोके, घसरगुंडी,
पोरांना बिनतिखटाची, वर जिलबी.
तिथल्या बदकाला ओजसची चड्डी का खुपली कोण जाणे,
द्राक्षांच्या मांडवाखालून त्याने पोराला
अख्खी एक ओळ पळवलं.
बाप शूटिंग करत राहिला, आई ओरडत,
आत्या तेवढी पहिल्यांदा हसली.

पांडवलेणी. मृण्मयी म्हणाली, पायऱ्या मोजणार.
एक, दोन, तीन, मोठ्याने,
उतरणारे लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते.
आत्या खालीच. गुडघे नाही म्हणाले.
मी चहा आणला. पेरू कापून घेतला, मीठ लावून.
हायवेकडे बघत ती म्हणाली,
"मी आली होती नाशिकले. नऊ वर्साची होती.
बाबाले घेऊन."
मी पेरू खाली ठेवला.
"गुडघाभर पाणी, काकाचा हात, बस.
काका म्हणे, झालं, आता मागं वळून पाहू नको.
नाही पाह्यलं बापा.
सारं नाशिक माह्या पाठीमागंच राह्यलं."

ट्रक गेले पाच-सहा.
काय बोलणार? मी म्हटलं, पेरू मखमलाबादचा आहे.
"गोड आहे," ती म्हणाली.

वरून मृण्मयी आली रडवेली.
एकशे ऐंशीच्या आसपास कुणीतरी वेळ विचारली
आणि आकडा सांडला.
परत पहिल्यापासून, म्हणाली. आणि गेली.
देवतळे यादीकडे बघत राहिले,
मग बुटांची नाडी बांधून तिच्या मागे.

तिथेच चार ठिकाणं गळाली.
सिन्नरचं दगडांचं म्युझियम मात्र केलं,
जांभळ्या खड्यासमोर ओजस इतका वेळ उभा
की वॉचमनने त्याला स्टूल दिलं.
सोमेश्वरला धबधबा होता करंगळीएवढा,
तरी कणीस दोनदा झालं.
बोट क्लब, आंघोळीची जागा, चिवड्याचं दुकान :
यादी बोटाने वर सरकत गेली
आणि कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळी रामकुंड. मी गाडी लांब लावली.
आत्या म्हणाली, मी बसते इथंच.
पाच मिनिटांनी स्वतःच दार उघडलं.
मी आपला चार पावलं मागे.
घाटावर दिवे, फुगेवाला, भेळ,
कुणाचं तरी मुंडण, कुणाचा तरी सेल्फी,
ओजस कंबरेपर्यंत भिजलेला, आईचा धपाटा.
आत्याने पाण्यात पाय घातले.
हात जोडले की साडी आवरली, मला दिसलं नाही.
मग निघाली. पाच-सात पायऱ्या चढली,
थांबली,
आणि वळली. अख्खी वळली,
नातवंडांच्या शाळेचं गॅदरिंग बघावं तशी.
"आत्या, चला, उशीर होतोय!"
"पाहू द्या नं," ती म्हणाली, "निवांत."
फुगेवाल्याला वाटलं, गिऱ्हाईक.
एक हिरवा फुगा तिने घेतला खरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनवर
अकरापैकी पाच झाली होती.
देवतळे हिशोब करत होते, आत्या फुगा सांभाळत.
मृण्मयीने वही काढली :
"काका, दुसऱ्यांदा पण चुकला.
एकशे ऐंशीच्या आसपास, असं लिहू?"
लिही, म्हटलं.
खाली कंसात बदक पण लिही.